वरचं बेअरिंग

आवाज पहिल्यांदा आला ताराराणी चौकात,
गाडी जवळजवळ उभी, मी उजवीकडं वळत होते.
जुन्या बाजेवर जड माणसानं कूस बदलावी
तसा: कुंईं,
आणि मग टंग.

पस्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजात काढली.
कानावर पोट भरलं.
लाइनीतल्या खरखरीवरनं सांगायची
गारगोटीकडं तार कुठं झाडाला घासतेय.
हा आवाज माझ्याशी खोटं बोलत नव्हता,
फक्त कुठनं बोलतोय
तेवढं सांगत नव्हता.

पहिला मिस्त्री राजारामपुरीतला, काचेच्या केबिनमधला.
जागचा न उठता म्हणाला, दोन्ही शॉकअप गेले, मॅडम.
झेन अठ्ठ्याण्णवची, आता किती ओढणार?
साडेअकरा हजार.
दुसऱ्यानं खाली शिरून बुशांवर पाणी मारलं,
ग्रीस थापलं, हात पुसले, पैसे घेतले.
त्याच्या फाटकातनं बाहेर पडताना
बाजेवरचा माणूस पुन्हा कुशीवर.

मग उद्यमनगर. दस्तगीर शिकलगारची शेड,
दोन्ही अंगांना लेथ, पाठीमागं पॉवर प्रेस,
पत्र्यावर दणादण चाललेलं.
मी तोंडानं आवाज काढून दाखवला.
चारचौघांत, या वयात: कुंईं, टंग.
तो माझ्या ओठांकडं बघत राहिला.
पोरगा म्हणाला, "आजी, त्यास्नी ऐकाय येत न्हाई.
ईस वर्सं प्रेसवर हुते."

मी मनात कपाळ बडवलं.
आवाजाची तक्रार घेऊन
कुठल्या खिडकीला आले मी!

त्यानं बॉनेटचा कोपरा दोन्ही तळव्यांनी दाबला, सोडला.
गाडी वर आली आणि थांबली. झुलली नाही.
"शॉकअप चांगलाय," म्हणाला,
गरजेपेक्षा जरा मोठ्यानं.
मग चाकाआड हात घालून
स्प्रिंगवर पंजा ठेवला,
तापलेल्या पोराच्या पोटावर ठेवावा तसा,
आणि मला बोटानं खूण केली: फिरवा.

मी स्टिअरिंग फिरवत गेले डावीकडं.
स्प्रिंग पीळ घेत गेली, घेत गेली,
मला टंग ऐकू आलं
आणि त्याच क्षणी त्याची भुवई उडाली.

एकच निरोप, दोघांना, एकाच वेळी.
अशी जोडणी मी बोर्डावरसुद्धा कधी दिली नव्हती.

"वरचं बेअरिंग धरलंय.
स्प्रिंगनं गुमान फिरायचं, तर ती पीळ खाती.
मावंना झाला की उडी मारती."

दोन आकडे लावून स्प्रिंग आवळली,
एक आटा इकडं, एक आटा तिकडं.
पोरग्याला मानेनंच मागं सारलं.
घाई केली तर ही जबडा घेऊन जाते म्हणे.
नट सुटला, माउंटिंग निघालं,
आणि आतनं गूळ चिकटावा तसा तांबूस गंज.
वरची रबरी टोपी कुणीतरी कधीतरी
परत बसवायला विसरलं होतं. बारा रुपयांची टोपी.
तिच्या जागेतनं किती धुण्यांचं पाणी
थेंबथेंब आत गेलं असेल.

दोन बेअरिंगं, दोन टोप्या, मजुरी: एकोणीसशे.
मी घासाघीस केली नाही.
म्हणजे केली, पन्नासाची.
त्याला ती ऐकू आली नाही.

परतताना ताराराणी चौकात मुद्दाम हळू वळले.
काही नाही.
इतकं काही नाही, की डाव्या दाराची काच
थरथरतेय हे आजच कळलं.
असू दे. ती पुढच्या महिन्यात.

सिग्नलला पर्समधनं जुनं बेअरिंग काढलं,
त्यानं कागदात गुंडाळून दिलेलं.
तळव्यावर ठेवून अंगठ्यानं फिरवलं.
अडतं. खडा लागतो. दम धरतं,
मग एकदम सुटतं.
पुन्हा फिरवलं. पुन्हा.

मागचा रिक्षावाला केव्हाचा
हॉर्न मारत होता म्हणे.
शेजारी येऊन ओरडला तेव्हा कळलं.